पायाचं अनुदान

शालन काळेल मटकी उपटत होती तेव्हा बांधाशी बॅटरीवरची स्कूटर येऊन थांबली. माणदेशातल्या त्या माळावर गाडी थांबली म्हणजे ती रस्ता चुकलेली असायची. शालनने वाकल्या वाकल्याच हात लांब करून गावाची दिशा दाखवली आणि पुन्हा कामाला लागली. पण गाडीवरची बाई उतरली आणि चपला हातात घेऊन ढेकळांतून थेट तिच्याकडे आली.

"मावशी, मी शबाना मुलाणी. नवी कृषी सहायक. हे शेत हणमंत बाबू काळेल यांचं ना?"

"सातबाऱ्याला त्यांचं हाय."

"आणि तुम्ही?"

शालनने हातातली मटकीची पेंढी खाली ठेवली. "मी त्यांच्या घरातली."

हणमंत तमिळनाडूत, सेलमला होता. सोनारांचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, त्याला गलाईचं काम म्हणतात. या भागातली माणसं त्या कामापायी पार देशभर पांगलेली. हणमंतही गेला. लग्नाच्या नवव्या वर्षी, दिवाळीला येतो म्हणून. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. त्याने तिकडेच दुसरी बायको केल्याचं शालनला दोन वर्षांनी कळलं, मुलगा झाल्याचं त्यानंतर. ती कुठे गेली नाही. घरात सासू होती आणि चार एकर अकरा गुंठे रान होतं. सासू जाऊनही नऊ वर्षं झाली. हणमंत तेव्हा दोन दिवस आला, डोकं भादरून घेतलं आणि दहाव्याची वाट न बघता परत गेला. तेव्हापासून वस्तीवरच्या त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज झाला नव्हता. शेजारचं घर अर्ध्या कोसावर, आणि त्यालाही कुलूप.

शबानाने हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर शेताचा नकाशा काढला. नकाशाभर बारीक ठिपके होते, मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखे.

"ही पावलं आहेत मावशी. मागच्या सालातली."

गावोगाव इंटरनेटसाठी पुरलेल्या काचेच्या तारांचं हे काम होतं. केसाएवढ्या बारीक काचेतून प्रकाश धावतो. धावता धावता त्यातला अगदी थोडा अंश काचेतल्या सूक्ष्म कणांवर आपटून सतत माघारी येत असतो. वर जमिनीवर पाऊल पडलं की माती दबते, मातीबरोबर काच किंचित ताणली जाते आणि तेवढ्या जागेवरून माघारी येणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. बिघाड किती वेळाने परतला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. आधी भूकंपाचा अभ्यास करणारे लोक या तारा कान लावून ऐकत, आणि गुरांच्या, माणसांच्या चालण्याचा गलका मध्ये येतो म्हणून वैतागत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की या गलक्यात माणूस ओळखू येतो. प्रत्येकाचा भार वेगळा, टाच टेकायची तऱ्हा वेगळी, दोन पावलांमधला अवकाश वेगळा. शिवारांच्या बांधाकडेने दोन हात खोल तारा पुरल्या गेल्या आणि भरडधान्याच्या अनुदानाचा कायदा बदलला. पूर्वी सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्या खात्यात ते जायचं, मग तो माणूस पुण्यात असो की सेलमला. आता जमिनीवर ज्याचे पाय, त्याला अनुदान. कागदावर योजनेचं नाव लांबलचक होतं. गावात सगळे म्हणत, पायाचं अनुदान.

"तीनशे अकरा दिवस एकाच माणसाची पावलं आहेत," शबाना सांगत होती. "बाईमाणूस. उजवा पाय जरा घासत टाकते. डोक्यावर ओझं असलं की चाल आखडते. ऊन कललं की या कोपऱ्यात अर्धा तास काहीच हालचाल नाही."

"तितं लिंब हाय," शालन म्हणाली. "मी बसते तितं."

ती दुपारी कुठे बसते हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. तिने पुढे होऊन पडद्यावरचा तो रिकामा कोपरा पाहिला.

"ह्याच्यात माझं नाव हाय?"

शबानाने खाली वाचलं. तिला ते मोठ्याने सांगायचं जड गेलं. "अनोळखी स्त्री, एवढंच आहे मावशी. म्हणूनच आलेय. पंचायतीत येऊन वीस पावलं चालून दाखवा, म्हणजे नाव जोडता येईल. पण एक आहे. मालकालाही नोटीस गेली आहे. मालकाची वर्षात शंभर दिवस पावलं पडली, तर पहिला हक्क त्यांचा."

"ते कशाला येत्यात," शालन म्हणाली आणि पुन्हा मटकी उपटायला वाकली.

तो दहाव्या दिवशी आला.

शालन अंगण झाडत होती. फाटकाशी एक वाळका म्हातारा उभा राहिला, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि खोकला. ती खोकल्यावरून ओळखणार नव्हती, मिशीवरूनही नाही. त्याने "शाले" म्हटलं तेव्हा ओळखलं. तिला शाले म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"पाणी दे वाईच."

तिने तांब्या आणून कठड्यावर ठेवला. सोनं शुद्ध करायच्या तेजाबाने त्याच्या बोटांची टोकं पांढरट, गुळगुळीत झाली होती. पाणी पिऊन तो म्हणाला, "शंभर दिस चालायचं हाय. तुला तरास न्हाई देणार. देवळात ऱ्हातो."

आणि त्याने चालायला सुरुवात केली. सकाळी ऊन अंगावर आलं की देवळातून यायचा, बांधाच्या कडेने शेताला चार फेऱ्या घालायचा, खोकायचा, बसायचा, संध्याकाळी पुन्हा चार. तो एकटाच नव्हता. त्या हिवाळ्यात गावात असे अठरा-वीस मालक उतरले होते. पुण्याहून आलेला एक निवृत्त कारकून कानात गाणी लावून हरभऱ्यातून फिरे. किराणा दुकानदाराने कॅनव्हासचे बूट विकायला ठेवले. ज्वारीच्या ओळींमधलं तण कोळपून काढणाऱ्या बाया त्यांना बघून पदर तोंडाला लावत आणि "मालक, वळा आता, बांध संपला" म्हणून ओरडत.

शालन हसली नाही. ती तिच्या कामात असे आणि तो त्याच्या फेऱ्यांत. दोघांमध्ये ज्वारीच्या पाच-पन्नास ओळींचं अंतर. सुरुवातीचे पंधरा दिवस ती त्याच्याकडे पाठ करून कोळपत होती. मग तिच्या लक्षात आलं, की पाठ असली तरी खोकला कुठून येतोय यावरून तो कुठल्या बांधावर आहे हे आपल्याला कळतं.

पौषात थंडी वाढली. देवळाच्या उघड्या मंडपात झोपून त्याचा खोकला छातीत उतरला. एका सकाळी तो आलाच नाही. शालन ऊन डोक्यावर येईपर्यंत काम करत राहिली, मग कोळपं तिथंच टाकून देवळात गेली. तो घोंगडीत मुटकुळं करून पडला होता.

"पडवीत येऊन पडा," ती म्हणाली. "इथं मेलासा तर मला गावात बोलत्याल."

पडवीत तिने त्याला सासूची बाज दिली. त्या दिवशी भाकरी थापताना तिने पीठ नेहमीसारखंच घेतलं, आणि दोन भाकऱ्या झाल्यावर परात रिकामी पाहून पुन्हा डब्यात हात घातला. तो आतल्या दाराकडे पाठ करून जेवला. तीही चुलीकडे तोंड करून जेवली. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात दोन ताटं एका वेळी वाजली.

हळूहळू तो बोलायला लागला. सोनं वितळताना त्याच्यावर आधी काळपट साय येते, ती काढली की खालचं लखलखीत दिसतं, आणि त्या घटकेला कारागीर श्वास रोखून धरतो. धरला नाही तर धूर आत जातो. तो म्हणाला, तरुणपणी धरायचं ध्यानात राहत नाही. तिकडच्या घराचं त्याने आपणहून सांगितलं नाही. तिनेच एकदा तवा उतरवताना विचारलं, "पोरगं काय करतं?"

"दुकान त्याचंच हाय आता. मला गल्ल्यावर बसू देत न्हाई." त्याने बाजेची सुटलेली दोरी ओढून बसवली. "घरात काय आणून दिलं तर मान ऱ्हाते शाले. न्हाईतर कोपऱ्यातलं मडकं. ह्या अनुदानावर माझं तितलं बसणं हाय."

एवढं सरळ त्याने आयुष्यात तिला काही सांगितलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

माघात ज्वारी हुरड्यावर आली. पाखरं राखायला शालन रानातल्या माळ्यावर, मचाणावर चढून गोफण फिरवायची. शेताच्या खालच्या अंगाला उशिरा पेरलेला तुकडा होता, त्यात तण माजलं होतं. एक दिवस माळ्यावरून तिने पाहिलं, तर हणमंत त्या तुकड्यात खुरपं घेऊन बसला होता. बूड टेकवत, सरकत, धापा टाकत त्याने दोन ओळी काढल्या. ती माळ्यावरून उतरली नाही. पाखरं कणसांवर बसली तरी तिचा हात चालला नाही. दोन ओळी संपवून तो उठला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि तिच्याकडे बघून लहान पोरासारखं हसला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फेऱ्या.

त्याच सुमारास शबाना येऊन गेली. हणमंत विहिरीकडे गेलेला पाहून तिने स्कूटरवर बसल्या बसल्याच सांगितलं.

"मावशी, यंत्र नुसतं चालणं आणि काम करणं वेगळं ओळखतं. कोळपणाऱ्याचा भार पुढंमागं होतो, खुरपणारा सरकतो. काकांचे चौऱ्याण्णव दिवस झालेत, त्यातले त्र्याण्णव नुसतं चालणं. पण कायद्यात यंत्राचा शब्द शेवटचा नाही. मार्चअखेर पंचायतीत सुनावणी आहे. शेतात राबणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच विचारतील. मालकाने शेत कसलं का? तुम्ही हो म्हणालात तर अनुदान काकांचं. नाही म्हणालात तर कसणूकदार म्हणून तुमचं नाव लागेल. कायमचं."

"आन ते?"

"त्यांना मग चालायचं कारण नाही."

शालनने मान हलवली. शबाना गेल्यावर ती लिंबाखाली जाऊन बसली. चौऱ्याण्णव. तिने स्वतःही दिवस धरले होते, तिचा आकडाही तोच होता. फक्त तो शंभरीकडे चाललाय म्हणून शबानाच्या आवाजात घाई होती, आणि तिला मात्र प्रत्येक दिवस उगवला की एक हातातून गेल्यासारखं वाटत होतं.

फाल्गुनात ज्वारी काढून झाली, पेंढ्या रचून झाल्या. हणमंतचे शंभर भरून वर चार झाले, तशा त्याने फेऱ्याही थांबवल्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, तो पडवीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. आत आला नाही.

"उद्या तू व्हय म्हण शाले. दर साली शंभर दिस यीन मी. तुलाबी सोबत."

ती पीठ मळत होती. मळता मळता थांबली.

"आन अनुदान नसतं तर?"

"तसं कशाला बोलायचं? हाय की अनुदान."

"नसतं तर म्हन्ते मी."

तो उंबऱ्यावरची माती नखाने खरवडत राहिला. शेवटी म्हणाला, "भाकरी करपंल." तवा तर अजून चुलीवर ठेवलाही नव्हता.

पंचायतीच्या खोलीत पंखा फिरत होता. मंडल कृषी अधिकारी वयाने लहान, पण नीट बोलणारे. शबाना एका कडेला कागद घेऊन बसली होती. हणमंतने स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. तो शालननेच धुतला होता. अधिकाऱ्यांनी नोंद वाचली. एकशे चार दिवस. त्यातला एक दिवस खुरपणीसारखी हालचाल. मग त्यांनी पडदा बाजूला सारला.

"ताई, यंत्राला जे कळायचं ते कळलं. तुम्ही सांगा. यांनी हे शेत कसलं का?"

शालनने रात्रभर दोन्ही उत्तरं घोळवली होती. हो म्हटलं तर पुढच्या कार्तिकात तो येणार. पडवीत खोकणार, सोन्याच्या गोष्टी सांगणार, दोन ताटं वाजणार. मरेपर्यंत दर साल शंभर दिवस. आणि मरेपर्यंत तिला कळणार नव्हतं, की तो तिच्या घरी येतो की नुसता बांधावर. चोवीस वर्षं तिने नवऱ्याशिवाय काढली होती. पण हे न कळता काढायची शंभरातली एकेक रात्र तिला त्याहून लांब दिसत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "एक दिस दोन वळी खुरापल्या. बाकी चालले."

हणमंतने वर पाहिलं नाही. शबानाने कागद पुढे केला आणि शालनने सही केली. सासूने शिकवलेली, एकेक अक्षर कोरून काढलेली सही. पंचायतीच्या अंगणात तिला वीस पावलं चालायला लावलं. खालच्या तारेने तिची चाल घेतली आणि पडद्यावर अनोळखी स्त्री जाऊन शालन हणमंत काळेल असं आलं. त्याचं नाव तिच्या नावात तसंच राहिलं, ते काढायचं की कसं हे कुणी विचारलं नाही.

एसटी थांब्यावर ती त्याच्या मागोमाग गेली. त्याची पिशवी त्याने सकाळीच बरोबर आणली होती. म्हणजे हो झालं असतं तरी तो आजच निघणार होता. हे तिला आत्ता दिसलं.

"नाव माझं लागलं म्हून पडवी कुणी न्हेली न्हाई," ती म्हणाली. "बाज हाय. भाकरीबी हाय. ऱ्हावा."

हणमंत तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आता ऱ्हाऊन काय करू शाले?" तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. मग एसटी आली. चढताना त्याला दम लागला, कंडक्टरने हात देऊन वर घेतलं.

शालन चालत वस्तीवर आली. तिने पडवीतली बाज भिंतीला उभी केली. संध्याकाळी पीठ काढताना हात दोनदा डब्यात गेला. जास्तीची भाकरी तिने शेळीला घातली.

चैत्रात तिला ताप आला. आधी अंग मोडून आलं, मग थंडी वाजून डोकं जड झालं. शेतात काही उभं नव्हतं, त्यामुळे जायची निकडही नव्हती. शेळी तिने दाव्याला सैल सोडली आणि आतल्या खोलीत पडून राहिली. तांब्यातलं पाणी संपलं की उठायची, रांजणाशी जाऊन भरून आणायची, पुन्हा पडायची. कधी उजाडलं, कधी मावळलं याचा हिशेब सुटला. एकदा तिला खोकल्याचा आवाज आला म्हणून ती बोलली, "आत या की," आणि मग कळलं, की तो आपलाच खोकला होता.

दारावर थापा पडल्या तेव्हा तिला वाटलं पुन्हा तोच भास.

"मावशी! शालन मावशी!"

शबाना आत आली. तिने शालनच्या कपाळाला हात लावला आणि स्कूटरला अडकवलेली पिशवी आणून मोसंबी सोलायला बसली. मग फोन करून आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलावलं. वस्ती सांगितली, वळण सांगितलं, लिंबाची खूण सांगितली.

"तुला कुणी सांगितलं?" शालनने विचारलं. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"कुणी नाही. आठ दिवस तुमच्या रानात पाऊल नाही. नोंदीत लाल खूण आली. तशी खूण आली की आम्ही अनुदान थांबवायचं पत्र काढायचं असतं." शबाना फोडीवरचे पांढरे धागे काढत होती. "मी म्हटलं, तीनशे अकरा दिवस चालणारी बाई आठ दिवस घरात कशी बसेल? म्हणून पत्राच्या आधी मीच आले."

शालनने फोड तोंडात धरली. ती चावायला तिला बराच वेळ लागला.

"चोवीस वर्सात कुणी..." ती म्हणाली आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.

सिस्टर आल्या, इंजेक्शन देऊन गेल्या. शबाना दुपारपर्यंत थांबली. तिला अजून तीन गावं करायची होती, घरी लहान मुलगी होती. जाताना तिने रांजण भरला, शेळीला पाला टाकला आणि सांगितलं, की बरं वाटलं की थोडं रानात जाऊन या, म्हणजे ती खूण आपोआप निघेल.

"तू कवा येशील परत?"

"पुढच्या महिन्यात या बाजूला दौरा आहे मावशी."

स्कूटरला आवाज नव्हता, त्यामुळे ती कधी दिसेनाशी झाली हे धुरळ्यावरूनच कळलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ऊन कललं तशी शालन काठी घेऊन बाहेर पडली. नांगरट झालेलं रान उघडं पडलं होतं आणि त्याच्यावरून गरम वारं वाहत होतं. चार एकरांत हलणारं असं दुसरं काही नव्हतं. बांधाशी, जिथं खाली तार पुरली होती तिथं, ती थांबली. मग दुसऱ्याच्या दारात आत जाण्याआधी माणूस खाकरतो, तसा तिने उजवा पाय उचलून जमिनीवर दोनदा आपटला, आणि रानात उतरली.